घरच्या कॉम्प्युटरला कोणता माइक? आधी वीत मोजा, मग दुकानात जा

ठाण्यात नौपाड्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली रिक्षा, समोर शाळा, दुपार उतरली की भंगारवाल्याची हाक. अशा घरात बसून गेली सात वर्षं मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पहिली दोन पुस्तकं लॅपटॉपच्या आतल्या माइकवर वाचली आणि मला ती बरी वाटली होती. मग दहावीतल्या एका मुलीने फोन करून सांगितलं की दीडपट वेगाने ऐकताना ‘प्रकाश’ आणि ‘प्रकार’ यांत फरक कळत नाही, शब्द एकमेकांवर चढतात. तिच्यासारखी बरीच मुलं वेग वाढवूनच ऐकतात, नाहीतर अभ्यास उरकणार कधी? तिच्यासाठी माझा आवाज हीच छापील ओळ होती, आणि ती छपाई पुसट निघाली होती.

मला फार वाईट वाटलं. मी त्याच आठवड्यात ऑनलाइन एक मोठा कंडेन्सर माइक (ही जात म्हणजे काय ते पुढे सांगते) मागवला. खोक्यावर ‘स्टुडिओ’ असं ठळक लिहिलेलं, सोबत स्टँड, जाळी आणि लॅपटॉपच्या गोल भोकात घालायची वायर. आवाज आला तो मुंगीएवढा. विंडोजमध्ये बूस्ट, म्हणजे आवाज वाढवायची सेटिंग, ३० डेसिबलपर्यंत (डेसिबल हे आवाजाचं माप) चढवला तर मागून ‘स्स्स’ अशी सरसर. मग त्या माइकला वेगळी वीज देणारी पेटी लागते हे कळलं, तीही घेतली. आता आवाज मोठा आला, आणि त्याच्यासोबत रिक्षा, शाळेची घंटा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळंच आलं.

शेवटी ओळखीचे एक काका घरी आले. त्यांनी बरीच वर्षं नाटकांच्या ध्वनीचं काम केलंय, गडकरी रंगायतनमध्येही. त्यांनी माइकचं नावसुद्धा वाचलं नाही. माझ्या तोंडापासून माइकपर्यंत हाताची वीत टाकली. साडेतीन विती भरल्या. म्हणाले, “ताई, माइक बदलायचं नंतर बघू. आधी तो उचलून इथे आणा.” आणि माझ्या हनुवटीजवळ बोट ठेवलं.

पुढे लिहिलंय ते सगळं त्या बोटापासून सुरू होतं. माइक निवडणं म्हणजे तोंडापासून एका वितीच्या आत, त्रास न होता, रोज राहील असा माइक शोधणं. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

पहिलं काम: आहे तो माइक नीट ऐका

काहीही विकत घेण्याआधी हातात आहे त्यावर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. विंडोजमध्ये ‘साउंड रेकॉर्डर’ असतो, मॅकमध्ये ‘व्हॉइस मेमोज’. सुरू केल्यावर दहा सेकंद अगदी गप्प बसा, मग वाचा. हे दहा सेकंद गाळू नका. तुमच्या खोलीचा स्वतःचा आवाज तेवढाच एकटा ऐकायला मिळतो. ऐकताना वायरचा इअरफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धे दोष लपतात.

वाचायला वर्तमानपत्र घेऊ नका. मराठीत माइकची परीक्षा पाहणारी अक्षरं ठरलेली आहेत. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर ‘ढप्’ असा आदळतो. स आणि श शिट्टीसारखे टोचतात किंवा बोथट होऊन जातात. शिवाय चुलीतला ‘च’ दाताशी आणि चहातला ‘च’ टाळूशी. खराब माइकवर हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी तीन वाक्यं ठरवून ठेवली आहेत:

भाऊंनी भल्या पहाटे पोहे, पापड आणि फोडणीचा भात पुढे ठेवला.
चुलीवरचा चहा चार जणांना पुरला, जावेने साखर जरा जास्त घातली.
सशाने शिसवी पेटीशेजारचं सुकं गवत शांतपणे संपवलं.

ही तिन्ही वाक्यं सकाळी साडेसातला, दुपारी आणि रात्री अकराला रेकॉर्ड करा. तिन्ही फाइल्स एकापाठोपाठ ऐका आणि कागदावर लिहा: गप्प असताना काय ऐकू येतं, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो का, आणि ‘भ’ला ढप् होतं का. तक्रार पहिली असेल तर दोष बाहेरच्या गोंगाटाचा, दुसरी असेल तर अंतराचा किंवा खोलीचा, तिसरी असेल तर माइकच्या जागेचा. तिन्हींचं औषध वेगळं आहे, आणि दुकानात जाऊन नुसतं “चांगला माइक द्या” म्हटलं तर त्यातलं एकही मिळत नाही.

दुसरं काम: वीत मोजा

माइकपासून दूर गेलं की आवाज झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने कमी होतो. पंख्याचा, रस्त्याचा, भिंतीवरून परत येणारा आवाज मात्र खोलीभर पसरलेला असतो, तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे लांब गेल्यावर तुम्ही लहान होता, खोली नाही.

लॅपटॉपचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. तो १५ सेंटिमीटरवर आणता आला असता तर ६०चे ३०, ३०चे १५, दोनदा अर्धं अंतर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत १२ डेसिबलचा फायदा. इतका फायदा माइकची किंमत वाढवून मिळत नाही. माझी वीत १९ सेंटिमीटर आहे. बहुतेक बोलण्याच्या कामाला पाऊण वीत पुरते.

याच कारणाने फोनसोबत आलेला साधा वायरचा इअरफोन कित्येकदा महागड्या लॅपटॉपच्या माइकला हरवतो. त्याच्या वायरीवरची माइकची गोळी गळ्याशी असते. ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर आजच लावून तीच तीन वाक्यं वाचा. काही जणांचा शोध इथेच संपतो, आणि संपला तर आनंदच आहे.

जवळ जाण्याला एक मर्यादा आहे. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकजवळ फार गेलं की आवाजाचा खर्ज फुगतो, रेडिओवरच्या निवेदकासारखा भारदस्त होतो. ते ऐकायला गोड लागतं, पण पाठ्यपुस्तकाच्या कामाला मला ते नको असतं, कारण त्या खर्जाखाली व्यंजनं दबतात. म्हणून मी चार बोटांपेक्षा जवळ जात नाही.

आणि माइक तोंडासमोर नाक्यावरच्या पोलिसासारखा उभा करू नका. ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा बाजूला, तोंडाकडे वळवून ठेवा. भ, फ यांचा झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज मात्र माइकला पूर्ण मिळतो. तरी ढप् होत असेल तर जाळी लावा. भरतकामाच्या लाकडी रिंगवर जुना नायलॉनचा लांब मोजा दुहेरी ताणून बसवला की उत्तम जाळी होते. माझी अजून तीच आहे.

तिसरं काम: खोली

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक या पायरीवरून उडी मारतात आणि पैसे वाया घालवतात.

आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती सपाट, एका बाजूला सरकत्या काचा. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या नव्या इमारतीत रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, ‘टन्’ असं शेपूट ऐकू येईल. तेच शेपूट तुमच्या प्रत्येक शब्दाला लागतं. त्या मुलीला ‘प्रकाश’चा ‘श’ कळत नव्हता, कारण त्याच्यावर आधीच्या ‘का’चं शेपूट पसरलेलं होतं.

उपाय आपल्या घरातच असतो. समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुमचा आवाज जिथे जाऊन आदळतो तिथे, गोधडी टांगा. जाड, बऱ्याच थरांची, आजीच्या लुगड्यांची असेल तर फारच छान. जमिनीवर सतरंजी टाका. कपड्यांचं कपाट असेल तर त्याची दारं उघडी ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा. घडी घातलेल्या साड्या आवाज पिऊन टाकतात. मी कपाटासमोरच वाचते. बाजारात मिळणारे काळे खाचांचे फोम हेच काम करतात, पण पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषतो, आणि बाहेरचा आवाज आत येण्यापासून तर मुळीच थांबवत नाही. फोम लावून ट्रॅफिक बंद होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाहेरचा आवाज फटींतून येतो. सरकत्या खिडकीची फट आणि दाराखालची फट बंद करा, जुना टॉवेल गुंडाळून ठेवला तरी चालतो. जड ट्रकची घरघर मात्र भिंतीतून आणि टेबलातून येते. माइकच्या स्टँडखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, टेबलाची थरथर तिथेच मरते. माइकवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ‘लो कट’, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज कापायची सोय, असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास लावा. माणसाच्या बोलण्यातलं त्याखाली जवळजवळ काही नसतं, घरघर मात्र भरपूर असते.

पंख्याचं काय? ठाण्यात मे महिन्यात पंखा बंद करून बसा असं मी कोणाला सांगणार नाही. एकतर तुम्ही थेट पंख्याखाली बसू नका, कारण वारा माइकवर आदळला की तो आवाज नंतर नीट काढता येत नाही. दुसरं, मी वीस मिनिटं पंखा बंद करून वाचते, मग दहा मिनिटं चालू करून पाणी पिते. ज्यांना सलग तासभर मीटिंग आहे त्यांना हे जमणार नाही. त्यांनी पुढचा डायनॅमिक माइकचा भाग लक्ष देऊन वाचावा.

चौथं काम: माइकची जात ओळखा

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलतं. त्यातूनच वीज तयार होते. बाहेरून वीज लागत नाही. पडदा आणि वेटोळं मिळून जड असल्याने जवळचा, जोरकस आवाज तो चांगला घेतो आणि लांबचा बारीक आवाज फारसा मनावर घेत नाही. सभा, भजन, निवडणुकीची भाषणं, सगळीकडे दिसणारा गोल जाळीचा हातातला माइक याच जातीचा. त्यांतला शुअरचा एसएम ५८ हा १९६६पासून बाजारात आहे आणि आजही तसाच विकला जातो.

कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर तबकडी असते. दोघांवर विद्युतभार असतो, पडदा हलला की त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि त्यातून आवाजाची वीज मिळते. पडदा हलका, म्हणून बारीकसारीक सगळं टिपतो. स्टुडिओत ते हवंच असतं, तिथल्या भिंती तसं ऐकण्यालायक असतात. आमच्या नौपाड्यातल्या खोलीत त्याने शाळेची घंटा टिपली, यात त्याची चूक नव्हती.

तिसरी जात म्हणजे इलेक्ट्रेट. हा कंडेन्सरच, पण त्यातल्या पदार्थात विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. १९६२मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी तो घडवला आणि माइक स्वस्त व शेंगदाण्याएवढा लहान झाला. तुमच्या हेडसेटमध्ये, कॉलरच्या माइकमध्ये, बऱ्याच स्वस्त यूएसबी माइकमध्ये हाच असतो. त्याला दोन-चार व्होल्ट पुरतात आणि ते लॅपटॉपच्या भोकातून मिळतात.

माझा पहिला माइक का मुका राहिला तेही आता कळेल. स्टुडिओच्या कंडेन्सरला एक्सएलआर नावाच्या तीन पिनांच्या वायरीतून ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात. लॅपटॉपच्या गोल भोकाकडे तेवढे नसतातच. एका बाजूला तीन पिनांची एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला गोल पिन अशी वायर देऊन कंडेन्सर विकत असतील तर तो घेऊ नका.

माझा सरळ सल्ला: खोली गोंगाटाची असेल आणि माइक जवळ ठेवायची तयारी असेल तर डायनॅमिक. खोली शांत असेल, किंवा गाणं-वाद्य असेल, तर कंडेन्सर.

दिशेचाही विचार करा. ‘कार्डिऑइड’ लिहिलेला माइक समोरचं ऐकतो, मागचं सर्वांत कमी ऐकतो, बाजूचं मध्यम. म्हणून खिडकी किंवा कीबोर्ड माइकच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करा, निम्मं काम होतं. ‘ओम्नी’ चहूकडचं सारखंच ऐकतो. कॉलरचे बहुतेक माइक तसे असतात, कारण मान वळवली तरी आवाज बदलू नये. आणि एक चूक फार जण करतात: काही उभ्या माइकला, उदाहरणार्थ ब्लू यती, समोरच्या अंगाने ऐकायची सवय असते, डोक्याने नाही. त्याच्या टोकाकडे तोंड करून बोललात तर आवाज लांबून आल्यासारखा होतो. आधी माइकच्या अंगावर बोट घासून ऐका, कोणती बाजू जागी आहे ते लगेच समजतं.

पाचवं काम: कुठल्या वायरीने जोडायचा

घरच्या कामाला यूएसबी. आवाजाचे आकडे करणारं यंत्र माइकच्या पोटातच असतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या साउंड कार्डची सरसर मध्ये येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट एवढं लिहिलेलं असलं की बोलण्याला पुरे. ९६ आणि १९२च्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. पण माइकला इअरफोनचं भोक आहे का ते जरूर बघा. त्यात स्वतःचा आवाज त्याच क्षणी ऐकू येतो, आणि आपण माइकपासून सरकलो की कानाला लगेच समजतं. माझ्या वाचनात सर्वांत मोठी सुधारणा त्या भोकाने केली.

गोल ३.५ मिलिमीटरची पिन घेणार असाल तर पिनेवरच्या काळ्या रेषा मोजा. तीन रेषा म्हणजे फोनची आणि एकच भोक असलेल्या लॅपटॉपची. दोन रेषा म्हणजे डेस्कटॉपच्या गुलाबी भोकाची किंवा कॅमेऱ्याची. जुळत नसेल तर दोन फाटे असलेली छोटी स्प्लिटर वायर मिळते. नव्वद टक्के ‘माइक चालतच नाही’ या तक्रारी मला याच रेषांशी येऊन थांबलेल्या दिसल्या आहेत.

एक्सएलआर म्हणजे माइक वेगळा आणि त्याची इंटरफेस नावाची पेटी वेगळी. दोन जणांना एकाच वेळी बोलायचं असेल किंवा पुढे वाढायचं असेल तरच या वाटेला जा. व्हिडिओंमध्ये दिसणारा शुअरचा एसएम ७बी बघून मोह होतो, पण तो फार हळू आवाज देतो, त्याला सुमारे ६० डेसिबल वाढवणारी चांगली पेटी लागते. स्वस्त पेटीला लावला की पुन्हा सरसर. मधला मार्गही आहे: सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे दोन्ही डायनॅमिक, आणि दोघांना यूएसबी व एक्सएलआर दोन्ही वायरी लागतात. आज लॅपटॉपला, उद्या पेटीला. माझं सध्याचं काम यांतल्याच एकावर चालतं.

ब्लूटूथ इअरफोन चालताना बोलायला छान, रेकॉर्डिंगला नको. माइक सुरू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचे नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजारच घेतले जातात. आठ हजार नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि ‘स’चा दम तर त्याच्याच वर असतो. ब्लूटूथच्या एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत हे सुधारलं आहे, पण त्यासाठी इअरफोन आणि कॉम्प्युटर दोन्ही तसे लागतात.

आमच्या घरातल्यांनी काय घेतलं

ऐरोलीची वहिनी घरून काम करते, दिवसाला सहा-सात कॉल, शेजारी दोन मुलं. तिला मी टेबलावरचा माइक घेऊच दिला नाही. गालाशी दांडी येणारा वायरचा यूएसबी हेडसेट. दांडी ओठांच्या कोपऱ्याखाली, दोन बोटांवर, नाकासमोर नाही, नाहीतर श्वास ऐकू येतो. हेडसेट दिसायला साधा, पण अंतर कधीच बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

नेरुळची बहीण ऑनलाइन गाणं शिकवते. तिची खोली शांत, पडदे जाड, म्हणून तिला यूएसबी कंडेन्सर, दीड ते दोन वितींवर, हार्मोनियम आणि गळा दोन्ही येतील असा. तरी मुलींना तानपुरा ऐकूच जात नव्हता. दोष माइकचा नव्हता: झूम सतत वाजणारा सूर गोंगाट समजून पुसून टाकतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू केलं आणि तानपुरा परत आला. गाणं-वाद्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने माइक बदलण्याआधी हे बघावं.

सासरे ८१ वर्षांचे आहेत, आठवणी लिहून काढताहेत. हात थरथरतो म्हणून गुगल डॉक्समध्ये मराठी निवडून बोलून टाइप करतात. कानात, डोक्यावर काही नको म्हणाले. त्यांना कॉलरचा माइक, बोयाचा बीवाय-एम१, हजाराच्या आसपास मिळाला. त्याची वायर ६ मीटर लांब, तिचं वेटोळं करून रबर लावून ठेवलंय. कॉलरचा माइक छातीच्या हाडावर, गळ्यापासून एका वितीच्या आत लावा. बायकांनी मंगळसूत्र आणि ओढणी त्याला घासणार नाही हे आधी बघावं. ती घासाघीस शब्दांपेक्षा मोठी येते.

कोपरखैरण्याचा भाचा रात्री मित्रांशी बोलत गेम खेळतो आणि कीबोर्ड बडवतो. त्याला डायनॅमिक, टेबलाला चिमट्याने बसणाऱ्या स्टँडच्या हातावर, माइकची पाठ कीबोर्डकडे. घरचे झोपलेले असतात, त्यामुळे हळू बोलायचं असतं, आणि हळू बोलायचं म्हणजे जवळच यायला हवं.

खरेदी

ऑनलाइन घ्यायचा तर परत घेण्याची मुदत वाचा आणि त्या मुदतीतच वरची तीन वाक्यं रेकॉर्ड करून बघा. खोकं फाडू नका. नामांकित माइकच्या नकला बाजारात खूप आहेत, किंमत अविश्वसनीय कमी दिसली तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहा.

हातात घेऊन बघायचा असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची धिमी लोकल, ग्रँट रोडला उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मधल्या वारी दुपारी जा. स्वतःचा लॅपटॉप आणि इअरफोन सोबत न्या आणि दुकानदाराला तिथेच जोडायला सांगा. रस्त्याचा गोंगाट तिथे आयताच असतो: चार बोटांवरून वाचा, मग हातभर लांबून वाचा. दोन्ही फाइल्समधला फरक ऐकला की तुम्हाला कोणाच्याही शिफारशीची गरज उरत नाही. चार ते आठ हजारांत बोलण्यासाठी कायमचा माइक मिळतो. त्याहून जास्त खर्च करायचाच असेल तर आधी तो पडद्यांवर करा.

घरी आल्यावर

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, इनपुट असं जाऊन नवा माइक निवडा. नाही निवडला तर लॅपटॉप जुन्याच माइकवर ऐकत राहतो आणि तुम्ही नव्याला दोष देता. प्रायव्हसीमध्ये जाऊन अ‍ॅपला माइकची परवानगी आहे का पाहा. ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा.

मग लेव्हल. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात आवाजाची पट्टी दिसते. नेहमीच्या आवाजात वाचताना पट्टीचं टोक -१२ ते -६च्या मध्ये नाचायला हवं. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत शिवता येत नाही. आवाज कमी वाटला तर आधी जवळ या, मग माइकवरचं बटण फिरवा, विंडोजचा बूस्ट अगदी शेवटी.

सतत ‘हंऽऽ’ अशी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर दोष विजेच्या ५० हर्ट्झचा, बहुधा अर्थिंगचा. तीन पिनांच्या नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये चार्जर लावा, माइकची वायर चार्जरच्या वायरीपासून दूर न्या. वाचताना मी तर लॅपटॉप बॅटरीवरच चालवते. यूएसबी माइक हबमध्ये न घालता थेट कॉम्प्युटरमध्ये घाला.

गोंगाट पुसणारी सॉफ्टवेअर कॉलला उपयोगी आहेत, पंख्याची एकसुरी घरघर ती छान काढतात. पण रेकॉर्डिंगमध्ये मी ती हलक्या हातानेच वापरते. जास्त पुसलं की वाक्याच्या शेवटी हळू होत जाणारा शब्दही जातो, आणि मराठीत क्रियापद शेवटीच असतं. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतलं काय म्हटलं हे विद्यार्थ्याला कळलंच पाहिजे.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की कंडेन्सरच्या पातळ पडद्यावर दमटपणा बसून तडतड ऐकू येते. काम झालं की माइक झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर महिन्याला बदला. डायनॅमिकला एवढं नाजूक वागवावं लागत नाही, तरी त्याच्यावरचा फोम धुऊन पूर्ण वाळवा, ओला परत चढवू नका. सासऱ्यांच्या बोयासारख्या कॉलरच्या माइकमध्ये बटणाएवढी एलआर४४ बॅटरी असते, तो वापरात नसेल तेव्हा ती काढून ठेवा. ओलाव्यात ती गळते आणि आतले पत्रे खाते. आमच्याकडे हा डबा देवघराच्या वरच्या कप्प्यात असतो, घरातली सर्वांत कोरडी जागा तीच आहे.